लाल सूत

सोळा शिकाऊ आले आणि पहिल्याच दिवशी पंधरांना उस्ताद मिळाले. राहिली ती सुकन्या. घरोघरी पाइपानं गॅस पोचवायचं काम सोलापुरात नवंनवं निघालेलं. कंत्राटदाराला माणसं हवी होती, पण पोरगी कुणालाच नको. शिडीवर चढंल का, लोकांच्या घरात कशी न्यायची, असल्या शंभर शंका. तिचा बाप येडू सांगोल्याकडं मेंढरं राखतो. त्यानं जन्मात कधी पाना हातात धरला नाही, पण पोरीला आयटीआयला घालताना सगळ्या भावकीशी भांडला होता. आणि ती पोरगी इथं गोदामाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

तेव्हा अण्णाराव पुढं आला. पन्नाशी उलटलेला प्लंबर. तीस वर्षं पाण्याच्या लाइनी टाकल्या, गॅसच्या कामाला आत्ताआत्ता लागलेला. तरण्या फिटरांनी त्यालाही बाजूलाच ठेवलं होतं.

"चल गं," तो म्हणाला. "तुला कुणी घेईना, मला कुणी इचारीना. जमंल आपलं."

आणि जमलं की! खोटं कशाला बोला, अण्णारावासारखा हात त्या पंधरांच्या एकाही उस्तादाला नव्हता. तो सुकन्याला डोळे मिटायला लावायचा आणि नुसत्या बोटांनी पाइपाचे आटे चाचपायला सांगायचा. "डोळं फसवत्यात, बोटं फसवत न्हाईत," म्हणायचा. दुपारी डबा उघडला की आधी तिच्यापुढं सरकवायचा. ती त्याला मामा म्हणायला लागली, तो तिला सुके म्हणायला लागला.

त्याची एकच अडचण होती. लिहायचं म्हटलं की गड्याला घाम फुटायचा. म्हणून प्रत्येक घराचा फॉर्म सुकन्याच भरायची. मालकाचं नाव, हवेचा दाब, वेळ, आणि खाली 'चाचणी घेणार' या जागेवर सही, तीही तिचीच. तसं करायचं नसतं, पण करत होते. बदल्यात तिच्या शिकाऊ पुस्तकात अण्णाराव कशीबशी आपली सही ओढायचा. वर्षभराची पानं भरली की परीक्षा, परीक्षा झाली की सर्टिफिकेट, मग पक्की नोकरी. येडूची सगळी आशा त्या पुस्तकात होती, आणि पोरीचीही.

जानेवारीत त्यांना एक गल्ली मिळाली. बारा घरांची, निम्म्या घरांत मागच्या बाजूला यंत्रमाग खडखडणारे. सुपरवायझर संगमेश सकाळपासून फोनवर मागं लागलेला. संक्रांतीच्या आत बाराही घरांत गॅस पेटला पाहिजे, साहेबांना फोटो पाठवायचेत. आणि नेमकी पहिल्याच घरात आट्यांवर गुंडाळायची गॅसची जाड टेप संपली. गोदामाला सुट्टी. संगमेशला विचारलं तर म्हणाला, "कायबी करा, मला फोटो पायजे."

अण्णारावानं टोपी मागं सारली. "सुके, शेजारच्या मागावरनं मूठभर सूत आन. पिशवीत सफेदा हाय."

सुकन्या जागची हलली नाही. "मामा, वर्गात सांगितलंय. गॅसला सूत चालत न्हाय. पाण्याच्या लाइनीत ते भिजून फुगतं म्हणून धरतं. गॅस कोरडा. त्यात सूत वाळतं, आकसतं."

"वर्गातल्या मास्तरनं किती सांधे केलेत गं?" तो हसला. "तीस वर्षं सूत लावतोय. एक थेंब गळला न्हाय. सणापुरतं लावू, टेप आली की बदलू. जा."

ती गेली. हेच तिला पुढं सारखं आठवायचं. अण्णाराव गेला नव्हता, ती स्वतःच्या पायानं गेली होती. मागवाल्यानं चादरीचं टाकाऊ लाल सूत हसतहसत दिलं आणि वर तिळाची वडीही हातावर ठेवली.

बाराही घरांत आट्यांवर लाल सूत, वर पांढऱ्या सफेद्याचा लेप. हवा भरून अर्धा तास थांबले, दाबाचा काटा तसूभर हलला नाही. साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. "बघ!" अण्णाराव म्हणाला. सुकन्यानं बारा फॉर्मवर बारा सह्या केल्या.

शेवटचं घर ईरम्माचं. साठीची विधवा बाई, अक्कलकोटाकडची, बोलण्यात निम्मं कानडी. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून विकायची. शेगडी पेटली तशी तिनं सुकन्याच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "सुकन्यव्वा, पोरीच्या हातनं चूल पेटली माझी! आता टाकी उचलायला नको का धूर नको." आणि लगेच उठून खिडकी लावून घेतली. वाऱ्यानं ज्योत हलली तर भाकरी एका अंगानं करपते, दुसऱ्या अंगानं मऊ राहते, गिऱ्हाईक परत आणून देतं. सुकन्यानं सांगून पाहिलं, आजी, खिडकी उघडी ठेवा. आजीनं हो हो म्हणत आतून कडीही घातली.

टेप आठ दिवसांनी आली. पण तोवर दुसरी गल्ली, मग तिसरी. सुकन्यानं दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा अण्णारावाच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा तिनं विषय सोडला. पुस्तकाची शेवटची पानं सहीवाचून होती, उस्तादाला कोण दुखवणार?

चैत्रात सोलापूर भट्टीगत तापलं. एक दिवस त्या बाजूनं जाताना ती ईरम्माकडं भाकऱ्या घ्यायला शिरली. खिडकी बंद, उखळात लसूण आणि शेंगदाणे, बाई घामानं निथळत कुटतेय. वास नाकात भरला. गॅसला मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो, कुजक्या लसणासारखा. वर्गात त्यांना दहादा हुंगायला लावला होता.

"आजी, वास कसला येतोय हो?"

"लसूण की गं, यव्वा! माझ्या घरात दुसरा कसला वास येनार?" ईरम्मा खदखदून हसली. "माझं नाक तर कवाच मेलंय."

सुकन्याच्या पिशवीत साबणपाण्याची बाटली होती. हात घातला की हाताला लागली असती. दोन फवारे, काम झालं. पण बाहेर अण्णाराव गाडीचा हॉर्न वाजवत होता. आणि खरं सांगायचं तर हॉर्नचं निमित्त. बुडबुडा आला असता तर? तर बारा घरं उघडायची, बारा सह्या कुणाच्या ते विचारलं जायचं. तिनं स्वतःला सांगितलं, लसूणच असेल. भाकऱ्या घेतल्या आणि निघाली.

चौथ्या दिवशी सकाळी ईरम्मानं शेगडी पेटवली आणि घरभर भडका उडाला. शेजारच्या वैजयंतीनं दाराला लाथ मारून आत जाऊन तिच्या अंगावर चादर टाकली, म्हणून जिवंत तरी बाहेर निघाली.

सुकन्या दवाखान्यात पोचली तेव्हा पट्ट्यांतून फक्त डोळे आणि ओठ दिसत होते. कंपनीचा माणूस बाईचा जबाब लिहून गेला होता. ईरम्मानं तिला ओळखलं. "सुकन्यव्वा," ती पुटपुटली, "माझंच चुकलं गं. रातीला शेगडीचा खटका उघडा राहिला असंल. म्हातारपण. तू किती चांगली करून दिली होतीस चूल... तुला कोन बोललं तर माझं नाव सांग."

सुकन्यानं नुसती मान हलवली, आणि त्या मान हलवण्याची तिला इतकी किळस आली की बाहेर येऊन ती भिंतीला धरून ओकली.

तिसऱ्या दिवशी ईरम्मा गेली.

त्याच दुपारी सुकन्या जळक्या घराशी आली तेव्हा अण्णाराव आत एकटाच होता. साहेब पाहणीला यायच्या आधी लाइन ठीक करून ठेव, असा संगमेशचा निरोप होता. त्यानं सांधा उघडला होता. आट्यांतलं सूत हात लावताच सुटून आलं, वाळलेलं, भुसभुशीत, ठिकठिकाणी अजून लाल. त्यानं ते चिमटीत धरलं, बराच वेळ पाहिलं आणि खिशात टाकलं. मग नवीन टेप गुंडाळून सांधा आवळला.

"मामा."

तो दचकला. मग खाली बसला आणि म्हणाला, "पुस्तक आन."

तिच्या पिशवीतून त्यानंच पुस्तक काढलं आणि राहिलेल्या सगळ्या पानांवर एकामागून एक सह्या ओढल्या. "झालं तुझं. परीक्षेला बस. म्हातारीनं सोताच्या तोंडानं कबूल केलंय. गेलेलं मानूस काय परत येतंय व्हय?"

"आनि बाकीची अकरा घरं?"

"बदलू. हळूहळू, कुनाला न कळता. रोज एक."

"अकरा दिवस? उन्हाळा वाढतोय, मामा."

अण्णारावानं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. भरलेलं, पूर्ण, येडूला दाखवायला तयार. ती वर्षभर याच घडीची वाट पाहत होती आणि आता ते पुस्तक तिला हातात धरवेना. आज मामानं आपली कड घेतली, पण उद्या शेजारची वैजयंती शेगडी पेटवील, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती गल्लीच्या तोंडाशी आली. कामाच्या टेम्पोतली लांब दांड्याची चावी तिनं न विचारता उचलली होती. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचललं, चावी खाली घातली आणि सगळ्या गल्लीचा गॅस बंद केला.

मिनिटभरात कालवा उठला. कुणाची डाळ अर्धवट, कुणाच्या चपात्या तव्यावर, पोरांच्या शाळेची वेळ. वैजयंती पिठाच्या हातानं बाहेर आली. "अगं ए बये, डोकं फिरलं का तुझं? चालू कर की!"

"चालू करायचा न्हाय," सुकन्या म्हणाली. ती झाकणावर बसली होती, चावी मांडीखाली. "सगळ्यांच्या सांध्यात सूत हाय. ईरम्माआजीच्या पन हुतं. तिचा खटका उघडा नव्हता. ती चुकली न्हाय."

वैजयंतीनं वळून आपल्या दाराकडं पाहिलं. तेवढ्यात अण्णाराव धापा टाकत आला. "सुके, चावी दे. पोरी, पुस्तक जाईल तुझं. पोलिसात न्हेतील."

"न्हेऊ देत."

अण्णाराव तिच्याशेजारी बसला आणि खिशातलं लाल सूत काढून झाकणावर ठेवलं. कालपासून त्याला ते फेकून देता आलं नव्हतं. "लिहून घ्या म्हनावं," तो खालमानेनं म्हणाला, "सूत अण्णारावानं लावलं."

"आनलं मी," सुकन्या म्हणाली. "सही माझी."

तिनं कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या बाईनं नाव विचारलं, गल्ली विचारली, मग विचारलं, "किती घरांचा पुरवठा बंद झालाय?"

सुकन्यानं मान वर करून दारं मोजली. प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं, कुणाच्या हातात उलथनं, कुणाच्या कडेवर पोर. शेवटच्या दाराला मात्र काळी कडी आणि कुलूप.

"बारा घरं," ती म्हणाली. "वरडायला अकरा घरांतनंच आल्यात."