संगणकातला खोकला

गिरण्यांचा संप मोडून वीस वर्षं झाली होती. त्या रविवारी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत माणसं जिन्यापर्यंत उभी होती, कारण मंडळाच्या खोलीतला, मी मुलांना शिकवायचे तो संगणक खोकत होता. खोल, ओला खोकला.

"आमच्या ह्यांचाच!" रखमाकाकी गर्दीतून पुढे आली. तिचा नवरा कुशाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. संपानंतर क्षयाने गेला. आता क्षय तिलाही झाला होता.

भूतबाधा उतरवणाऱ्या हरेश्वरबाबाने संगणकावर हात ठेवला. "विज्ञानाची रेंज संपते तिथून आमचं नेटवर्क सुरू! कुशाबा आत अडकलाय. मशीन बंद न करता सोडवतो. तो गेला की तुझा खोकलाही गेला, माये. गोळ्या फेक. कुशाबा, सोड!"

खोकला थांबला. पडद्यावरचं घड्याळ मात्र चालूच. कुणीतरी गाणं लावून पाहिलं, आवाज नाही. लोकांनी हात जोडले.

"काकी, गोळ्या सोडू नकोस गं," मी विनवलं.

"सुनेत्रा, तू मुलांना कॉम्प्युटर शिकव. नवरा माझा होता."

काकीने गोळ्या सोडल्या. तीन महिन्यांनी तिला खोकताना रक्त पडलं. तेव्हा कुठे मी त्या संगणकातल्या, कुठली आज्ञा कधी आली याच्या जुन्या नोंदी उघडल्या. बाबा 'सोड' म्हणाला त्याच मिनिटाला शेजारच्या खोलीतून, बाबाचा चेला जगदीश याच्या तारेने जोडलेल्या संगणकावरून, दोन आज्ञा आल्या होत्या.

मी चाळ गोळा केली. संगणकात सापडलेला तोच खोकला वाजवला, थांबवला, एक ओळ टाइप केली. आता गाणं लावलं तरी आवाज नाही. दुसरी ओळ टाइप केली. पुन्हा वाजवल्यावर खोकला परत.

"मशीन बंद न करता?" साचेखात्यातल्या म्हाताऱ्या लहूकाकांनी विचारलं.

"काका, खातं चालू असताना तुम्ही एकाच साच्याचा पट्टा उतरवायचात ना? तसंच. संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, चालूच राहतो. आवाज सांभाळणारा तुकडा, मॉड्यूल, तेवढा काढता येतो. तो वापरात असला तर गाभा काढू देत नाही. म्हणून जगदीशने आधी खोकला थांबवला, मग मॉड्यूल काढलं."

"आणि खोकला कुणाचा?" लहूकाका जगदीशकडे वळले.

जगदीश खाली बघत म्हणाला, "दवाखान्याच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा. बाबांनी टेप करायला सांगितला."

बाबा तोवर पसार झाला होता.

काकीने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण मधे सोडल्याने जंतू चिवट झाले होते, त्या आता लागू पडेनात. श्रावणात ती गेली.

माझं मागणं एवढंच आहे. हात जोडण्याआधी विचारा, हे घडलं कसं? उत्तर मिळेपर्यंत कुणाचंही औषध बंद करू नका.