जड झालेला संत

"संत थांबला! संत थांबला!"

सिसिलीतल्या काला सेर्रा गावच्या उतरत्या गल्लीत एकच कल्लोळ उठला. जत्रेचा दिवस होता. संत एरास्मोची मूर्ती बंदरावर नेऊन होड्यांना आशीर्वाद द्यायचा होता. पण विधवा आस्सुंताच्या दारापाशी पालखी जड झाली आणि धट्टेकट्टे कोळी जागच्या जागी वाकले. संत जड होतो तो पाप्याच्या दारात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

मागच्या दांड्याखाली नुंत्सियोचा खांदा निखळायला आला होता. गेल्या वर्षी असाच भार त्याच्याच दारात आला होता. त्याची मुलगी फिलोमेना तेव्हा नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. "संतानंच बोट दाखवलं, मी काय करू?" म्हणत त्यानं तिला घराबाहेर काढलं. त्याच आठवड्यात कोळ्यांच्या जाळ्यात तिचं प्रेत आलं.

"बघा, लाकडात डोंगर शिरलाय!" चालण्या-थांबण्याची खूण द्यायची लाकडी मोगरी दांड्यावर पुन्हा ठोकत बाल्दोशेठ ओरडला. भोयांचा म्होरक्या तोच. "संत म्हणतो, ही बाई गावात आहे तोवर जाळी रिकामी! मी कोण सांगणार? मी आपला संताचा हमाल!"

या हमालाला बर्फाच्या कारखान्यासाठी आस्सुंताचं घर हवं होतं. त्याविषयी संत काही बोलला नाही. लोकांनी मात्र दगड उचलले. कडेवरचं पोर छातीशी धरून आस्सुंता दारात उभी होती.

"पालखी खाली ठेवू नका!" शाळेतल्या लिदियाबाई गर्दीतून पुढे घुसल्या.

"ओ बाई, बायामाणसांनी संताला शिवायचं नसतं!" बाल्दोशेठ आडवा आला.

"संताला कोण शिवतंय? मी खांदे बघतेय."

त्यांनी नुंत्सियोच्या खांद्यावरची गादी आणि दांडा यांच्यात बोट घालून पाहिलं. नखही शिरेना. मग त्या मधल्या रांगेकडे वळल्या. तिथे बाल्दोशेठचे भाचे-पुतणे तोंडं वेडीवाकडी करून कण्हत होते. बाईंचा अख्खा पंजा गादी आणि दांड्यामधून आरपार गेला.

"डोळे उघडून बघा! मोगरी वाजली की यांनी गुडघे वाकवून खांदा काढून घ्यायचा. यांच्या वाटचा भार बाकीच्यांवर पडतो. मग ते बिचारे शपथेवर सांगतात, संत जड झाला!"

बाल्दोशेठनं मोगरी पाठीमागे लपवली. बाईंनी मधल्यांना हाकललं आणि गर्दीतल्या कोळणींना आत घेतलं. पालखी सहज उचलली गेली.

"बाई," नुंत्सियोनं दांड्याखालूनच विचारलं. "माझ्या दारातसुद्धा... हेच?"

"हेच, काका. तुमचा जावई बाल्दोशेठचाच पुतण्या. तेव्हाही तो मधल्या रांगेतच होता."

"मग माझ्या पोरीनं केलं काय होतं?"

"काहीच नाही."

भोयांनी पालखी खाली ठेवली. नुंत्सियो दगड घेतलेल्या लोकांसमोर जाऊन उभा राहिला. त्याला रडू आवरत नव्हतं.

"टाका ते दगड. कुणी काहीही सांगो, माझ्यासारखी मान डोलवू नका. आधी हात घालून बघा. मी बघितलं असतं, तर माझी फिलोमेना आज घरात असती."