शांत हो गए

माझी ताई, हेमा, टीव्हीवर बातम्या देताना कधी हसत नाही. लोक त्याला भारदस्तपणा म्हणतात. दिल्लीला बढती मिळाली तीही त्याच चेहऱ्यावर. म्हणोत बापडे. ती कधीपासून हसेनाशी झाली ते मला ठाऊक आहे.

अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा. सुधीरभावजी हवाई दलात, म्हणून साताऱ्याचं आमचं बिऱ्हाड लखनौच्या अलीगंजात. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहत होते. ताई संध्याकाळच्या हिंदी बातम्या वाचायची आणि दिवसा कॅमेरा घेऊन बातम्या आणायलाही जायची. तिनं घोकून घोकून असं हिंदी कमावलं होतं की लखनौवाले तोंडात बोटं घालायचे. त्याचा तिला गर्वही होता, खोटं कशाला सांगू?

बख्शी का तालाबजवळच्या एका गावात रामऔतार मास्टर उपोषणाला बसले होते. त्यांच्या मुलाला चौकशीला म्हणून नेलं आणि तो परत आलाच नव्हता. तो कुठे आहे एवढंच सांगा, हे त्यांचं मागणं. ताईनं त्यांना पडद्यावर आणलं आणि त्यांच्या बायकोला शब्द दिला, "अम्माजी, इन्हें कुछ नहीं होने दूँगी." असला शब्द कुणी द्यावा का? पण ताई ती ताईच.

त्यानंतर मास्टरांच्या दारासमोर एक जीप उभी राहू लागली. आतून कुणी उतरायचं नाही. गावची माणसं पलीकडच्या वाटेनं जायला लागली, मग विचारपूस करायलाही येईनात. एके दिवशी जीपमधल्या साहेबानं ताईला हाक मारली, अगदी अदबीनं. "मैडम, मास्टर साहब आपकी बात मानते हैं. आप ही इन्हें शांत कराइए. नहीं तो हमें कराना पड़ेगा."

घरी येऊन ताई जेवलीच नाही. "कल्पे, त्यांनी उपोषण सोडायला हवं गं. नाहीतर ही माणसं काहीतरी करतील," म्हणाली. मला भीती वाटली. तो 'शांत' शब्द तिच्या डोक्यात बसला तो तिथून.

दोन दिवसांनी, बातम्या सुरू व्हायच्या ऐन तोंडावर, स्टुडिओत गावातून फोन आला. मास्टरांचा शेजारी होता. "दीदी, मास्टर साहब शांत हो गए."

"सच?"

"हाँ दीदी. अब कोई कष्ट नहीं है."

ताईचा जीव भांड्यात पडला. तिनं तेच वाक्य कागदावर उतरवलं. संपादक मिश्राजींनी ते वाचलं, उसासा टाकला आणि कागद परत दिला. तो सुटकेचा उसासा, असं ताईला वाटलं.

मी तेव्हा घरमालकिणीच्या, श्रीवास्तव चाचींच्या टीव्हीसमोर बसले होते. ताईनं शेवटची बातमी वाचली, "अनशन पर बैठे मास्टर रामऔतार शांत हो गए." आणि हसली. मनापासून, तोंडभरून.

चाचींनी डोक्यावर पदर घेतला. "हाय, चले गए बेचारे," म्हणाल्या. मग पडद्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हारी दीदी हँस क्यों रही है?"

तेव्हा कुठे मला उमगलं. आमच्याकडे राग शांत होतो, रागावलेला माणूस शांत होतो. इथे माणूस शांत झाला म्हणजे गेला. ताईनं एवढं हिंदी घोकलं, नेमकं तेवढंच राहिलं.

सकाळी आम्ही दोघी गावात गेलो. मास्टरांची तिरडी पहाटेच उचलली होती. जीप नव्हती. पंचायतीच्या ओट्यावर गावचा एकुलता एक टीव्ही होता आणि आदल्या संध्याकाळी सगळा गाव तिथेच बसला होता. आम्हाला वाट करून देताना कुणी ताईकडे पाहिलं नाही.

अम्माजींनी मात्र पाहिलं. ताई त्यांच्या पायाशी बसून रडत रडत सांगत राहिली, आमच्या मराठीत या शब्दाचा अर्थ काय होतो ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बात तो ठीक ही कही, बिटिया," त्या म्हणाल्या. "मगर हँसीं काहे? जीपवाले भी हँसे थे."