आत्याबाईंचा आवाज

कलावंत कधी निवृत्त होत नाही, असं प्रत्येक सत्कारात कुणीतरी गंभीर चेहऱ्याने सांगतंच. बेबीनंदा साळवे मात्र चांगली सहा वर्षांपूर्वीच निवृत्त झाली होती. मालिकेच्या एका भागात ती जिन्यावरून पडली, पुढच्या भागात तिच्या फोटोला हार घातला, आणि तो फोटो प्रॉडक्शनवाल्यांनी मागूनही परत दिला नाही. मग ती भोकरदनला भावाकडे आली. भाऊ कडूबा एसटीतला रिटायर कंडक्टर. तो म्हणाला, "ये. तू मेलीस तवाच मी खोली झाडून ठिवली व्हती."

मुंबईला ती गेली होती गायला. आई केशरबाई जयंतीच्या मिरवणुकीत गायची, तिच्या पदराला धरून बेबीनंदाही गायची. पुढे एका कॅसेट कंपनीने तिच्याकडून गाणं गाऊन घेतलं. 'कापूस वेचता वेचता गं, आईच्या ओटीत चांदणं.' गाणं मराठवाडाभर वाजलं, हळदीत वाजलं, टेम्पोत वाजलं. कव्हरवर फोटो मात्र एका गोऱ्यापान बाईचा होता. कंपनीचं म्हणणं असं, की गाणं कानाने ऐकतात पण कॅसेट डोळ्याने घेतात. बेबीनंदाचं नाव आत, बारीक अक्षरांत, छापायचं ठरलं होतं. नंतर तिथे दुसऱ्या कॅसेटची जाहिरात बसवली.

नंतर एका दिग्दर्शकाला तिचा चेहरा आवडला. "घरंदाज आहे," तो म्हणाला, आणि तिला वाड्याची मालकीण केलं, राजलक्ष्मी आत्याबाई. बौद्धवाड्यातली पोरगी चौसोपी वाड्यात चाव्यांचा जुडगा हलवत फिरू लागली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. अडचण झाली ती तिने तोंड उघडल्यावर. "तू असं 'न्हाई' म्हणालीस तर सेट पडेल," दिग्दर्शक म्हणाला. तेव्हापासून आत्याबाईंना आवाज दिला पुण्याच्या एका बाईंनी. बेबीनंदाला त्या एकदाच भेटल्या. फार गरीब स्वभावाच्या. आत्याबाईंचं ओरडून झालं आणि त्या कोपऱ्यात बसून खोकल्याची गोळी चघळू लागल्या.

म्हणजे आवाज होता तिथे चेहरा दुसरीचा, आणि चेहरा होता तिथे आवाज दुसरीचा. अख्खी बेबीनंदा कुणी पाहिलीच नव्हती. भोकरदनच्या भाजीबाजारात तिने "मेथी कशी दिली?" विचारलं की बाया एकमेकींकडे बघायच्या. द्वारकाबाई भाजीवालीने तर तिला समजावलंही, "तोंडवळा डिट्टो आत्याबाईचा हाय बघा तुमचा. आवाज तेवढा न्हाई. तिच्यावानी बोलाय शिका, मुंबईला चान्स भेटंल."

त्यात मध्यंतरी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाज परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातला बराचसा आला. 'चांदणं'तल्या वरच्या सुरावर मात्र गळा फाटायचा.

अशात एक दिवस काकासाहेब आले. काकासाहेब म्हणजे शिक्षणसंस्था, दूधसंघ आणि 'तालुकाभूषण' पुरस्कार. पुरस्कार दरवर्षी निघायचा आणि भूषणं संपत आली होती.

"ताई, औंदा तुम्ही. न्हाई म्हणायचं न्हाई," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "आत्याबाईचा एक डायलॉग म्हणा, पब्लिक येडं होऊन जातंय."

"डायलॉग म्हणते. पर मंग एक गाणं बी म्हणीन. चांदण्याचं."

"त्या कॅसेटवाल्या बाईचं?"

"ते मीच म्हणलेलं हाय."

"बिलकुल, बिलकुल," काकासाहेब म्हणाले. निवडणुकीत रस्ता मागणाऱ्या म्हाताऱ्यांना ते याच सुरात उत्तर द्यायचे.

"टेप लावायची न्हाई. मी सोता गाणार."

"तुमच्याबिगर कोण गाणार, ताई?"

त्या दिवसापासून बेबीनंदा पहाटे गच्चीवर बसू लागली. तिला फार काही नको होतं. शाल नको, नारळ नको. एकदा आपल्या गावात आपल्या तोंडातून आपला आवाज निघावा आणि लोकांनी दोन्ही एकदम बघावं, एवढंच. हे मागणं लहान आहे अशी तिची समजूत होती.

कडूबा चहाचा ग्लास घेऊन बाजूला बसायचा. "बेबे, 'चां' गाडीत बसलं अन् 'दणं' स्टँडवरच राह्यलं बघ," तो म्हणायचा.

"दादा, खाली जा."

"जातो. पर दोघांना एकाच गाडीनं आण."

गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, शेजाऱ्यांची कुरकुर झाली. सत्काराच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी 'चांदणं' अख्खं वर गेलं, वर थोडं थांबलं आणि सावकाश खाली आलं. कडूबाने ग्लास खाली ठेवला. "बराबर," तो म्हणाला. जन्मभर प्रवाशांवर संशय घेतलेल्या माणसाचं ते 'बराबर' होतं. बेबीनंदा पदर तोंडाला लावून रडली.

कार्यक्रम मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात होता. मंडप लागला होता, स्टेजवर सोफे होते, त्यातला मधला प्रमुख पाहुण्या अण्णासाहेबांसाठी, आणि मागच्या फ्लेक्सवर आत्याबाईंचा चाव्यांसकट फोटो होता. खाली 'राजलक्ष्मी आत्याबाई यांचा भव्य नागरी सत्कार'. बेबीनंदाचं नाव कंसात बसलं असतं, पण कंसात प्रायोजक होता.

साउंडवाला धर्मराज मशीनजवळ वायरी सोडवत होता. तिने त्याच्याकडे पेनड्राइव्ह दिला. "यात निस्तं म्युझिक हाय बरं का. आवाज मी देणार."

"ठिवा तिथं, ताई," तो वायरीतून डोकं न काढता म्हणाला.

आधी डायलॉग झाला. निवेदकाने आपला माइक तिच्या तोंडासमोर धरला. ती म्हणाली, "या घरात माझ्या परवानगीशिवाय दिवासुद्धा लागत नाही." शुद्ध म्हणाली, जरबेने म्हणाली, पण म्हणाली आपल्या आवाजात. मंडपात गारठा पसरला. मागून एकजण म्हणाला, "डुप्लिकेट आणली काय?" काकासाहेबांनी माइक ओढून घेतला. "ताईंचा घसा जरा बसलेला हाय. प्रवासानं." बेबीनंदा तीन गल्ल्या ओलांडून आली होती.

मग गाण्यासाठी तिच्या हातात वेगळा, बिनवायरचा माइक दिला. म्युझिक सुरू झालं. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आवाज कर्ण्यांतून आला तो असा गोल आणि स्वच्छ, की तीच चकित झाली. गच्चीवरही असा लागला नव्हता. मंडपात टाळ्यांचा ठेका सुरू झाला, मोबाइल वर झाले. पहिल्या रांगेत कडूबा ताठ बसला होता. बेबीनंदाला वाटलं, आलं, सगळं परत आलं. ती 'आईच्या ओटीत'पर्यंत गेली, श्वास भरला, पण सूर चढेना. 'चां'सुद्धा निघेना. ती थांबली.

चांदणं थांबलं नाही. ते वर गेलं, मोंढ्यावरून, अडत दुकानांवरून, पार एसटी स्टँडापर्यंत गेलं. वयाच्या पंचविशीत गायलेलं, अख्खं, न फाटलेलं.

बेबीनंदा माइक धरून उभी राहिली. तोंड मिटलेलं, आणि गाणं चालू. आता कुणीतरी ओरडेल म्हणून तिने वाट पाहिली. कुणी ओरडलं नाही. कडूबा उभा राहून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. "बराबर, बेबे," तो म्हणत होता, ते ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं. ओठांवरून कळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

तिला सांगता आलं असतं. माइक खाली ठेवून उतरता आलं असतं. पण अंतरा आला आणि तिचे ओठ आपोआप हलू लागले. दुसऱ्या बाईच्या आवाजावर ओठ बसवायची सवय होती. कॅसेटवरची ती पोरही आता तशी दुसरीच.

खाली उतरल्यावर आधी द्वारकाबाई भेटली. "चांगलं केलं. पर टेप लावली व्हती ना?" ती हळूच म्हणाली. "मला कळलं. आवाज त्या गोऱ्या बाईचा व्हता."

बेबीनंदा तशीच मागे वळली. ती मशीनजवळ गेली.

"मी दिलेलं का न्हाई लावलं, धर्मराज?"

"काकासाहेब म्हणले, वरिजनल लाव. रिस्क नको."

"अन् माझा माइक? तो चालू व्हता का? मी बी गात व्हते. सुरुवातीला तरी ऐकू गेलं असंल थोडं. मागच्यांना न्हाई, पुढच्यांना तरी."

धर्मराजने तिच्या हातातला माइक घेतला, बुडाचं झाकण फिरवलं आणि तिच्यासमोर उलटा धरला. आत सेल नव्हते. ते काढून दुसऱ्या माइकात घातले होते, कारण अण्णासाहेबांचं भाषण व्हायचं होतं.