उजव्या डोळ्याची पट्टी

मायबापहो, असे पुढे सरकून बसा. बुवा येऊन टाळ वाजेपर्यंत एक गोष्ट ऐका. लांबची नाही, खांदा कॉलनीतलीच.

सून अनुया रिक्षात बसलेली खिडकीतून दिसली, तशी शशिकलाबाईंनी बोटाला खोबरेल लावून नातीच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी कडेकडेने सोडवली. आठ महिन्यांची चारुता रडायची थांबली. आजीकडे बघून हसली.

"झालं गं माझं सोनं मोकळं!"

पोरीच्या डाव्या डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू. दीड महिन्याची असताना तो काढला, जाड भिंगाचा चष्मा लागला. पण डॉक्टर म्हणाले होते, "डोळा स्वच्छ झाला, पण मेंदू अजून त्याने बघायला शिकलेला नाही. चांगला डोळा रोज चार तास झाका. हे शिकायचे दिवस एकदा गेले, की डोळा असून नसल्यासारखा."

पट्टी लावली की लेकरू हवेत चाचपडे. आजीला बघवेना. संध्याकाळी अनुया बँकेतून आली, की आजी सांगे, "चार तास पुरे झाले."

महिन्याने तपासणी. सासूसुना दोघी गेल्या. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून लाल चेंडू हलवला. डावा डोळा छताकडेच.

"पट्टी रोज असते ना?"

"एक दिवस चुकवला नाही." अनुया म्हणाली. "मग दिसत का नाही हिला?"

पदराचं टोक मुठीत घट्ट धरून शशिकलाबाई म्हणाल्या, "मी काढते. रोज. तू गेलीस की."

घरी आल्यावर अनुया पोरीला घेऊन आत गेली. आता पोर पाळणाघरात जाणार, या धास्तीने आजी भरल्या ताटावरून उठली.

सकाळी पर्स खांद्याला अडकवून अनुयाने पट्ट्यांचा डबा सासूच्या हातात दिला.

"आज तुम्ही लावा, आई."

"अजून माझ्यावर सोडतेस?"

अनुया चपलेचा पट्टा लावत राहिली. "मला तिचं रडणं ऐकवत नाही. म्हणून तर रोज अर्धा तास आधी निघते."

दार लागलं. आजीने पट्टी चिकटवली. चारुताने टाहो फोडला. डब्यातली दुसरी पट्टी शशिकलाबाईंनी स्वतःच्या उजव्या डोळ्यावर लावली, देवघरातले टाळ उचलले आणि पोरीपुढे हळूच हलवले. एक चिमुकला हात वर आला. टाळांपासून वीतभर अलीकडेच मिटला.

आजीने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. अजून चार तास.

आले बघा बुवा. टाळ वाजले, मायबापहो, की त्या डाव्या डोळ्याची तेवढी आठवण ठेवा.