क्लिपचे कान

"दत्तोपंत काका, डोळ्यांना पट्टी बांधली, तर ती मागची क्लिप काढता येईल तुम्हाला?"

विचारून झाल्यावर ऋजुताने वळून दाराकडे पाहिलं. पलक आणि स्पृहा पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभ्या होत्या. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्यांनीच म्हटलं होतं. आणि अकरावीत गेल्यापासून ऋजुताला हिंमत कमी पडत नव्हती. शाळेच्या प्रदर्शनात तिच्या पंपाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. भाषण करताना ती आता कागदाकडे बघत नसे. आणि गेल्या आठवड्यात बाबांनी गॅरेजसाठी मागवलेली तीन हत्यारं तिच्यासमोर ठेवून म्हटलं होतं, "एक ठेवायचं, दोन परत. कोणतं ठेवायचं, ते तू सांग."

दत्तोपंतांनी चिंधीला हात पुसले.

"डोळे उघडे ठेवून तरी तिथे काय दिसतं, बेटा? तिथे बोटांनीच बघायचं असतं."

"ओ भिया!" पलक ओरडली. "काकाजी तो रेडी हैं!"

गाडी जवळच्या सिमरोल गावातल्या एका सरांची होती. इंजिनच्या पार मागे, पत्र्याच्या भिंतीला चिकटून, हीटरचा रबरी पाइप जात होता आणि त्याच्या तोंडावर स्प्रिंगची क्लिप होती. क्लिपला दोन छोटे कान. ते चिमटीत दाबले की ती सैल होते आणि पाइप निघतो. अडचण एवढीच, की तिथे हात जेमतेम जातो आणि हातासोबत पक्कड जात नाही.

बॉनेटजवळच्या स्टुलावर तिन्ही हत्यारं मांडली होती. लांब चोचीची एक पक्कड. तशीच दुसरी, वाकड्या चोचीची. तिसऱ्याला एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला इवलासा जबडा, आणि मध्ये हातभर लवचीक केबल. मूठ दाबली की जबडा आवळून तिथेच अडकून राही. चौथी पक्कड दत्तोपंतांची स्वतःची. तिची चोच त्यांनी घासून घासून बारीक केली होती आणि दांड्यांवर जुन्या पाइपचे तुकडे चढवले होते. ऋजुताच्या आजोबांच्या, कृष्णरावांच्या, काळापासून ते या गॅरेजमध्ये होते, आणि ती पक्कडही.

आवाज ऐकून मोहन केबिनमधून बाहेर आला. आपल्या मुलीकडे, ऋजुताकडे, बघून हसला, मग दत्तोपंतांकडे बघून हसायचं थांबला. महिन्यापूर्वी त्याने त्यांना म्हटलं होतं, आता आराम करा. "हात चालतोय तोवर राहू द्या, मोहनजी," दत्तोपंत म्हणाले होते. "घरी भिंतींशी किती बोलणार?" तेव्हा मोहनने विषय सोडला होता. पण पूर्ण नाही.

"होऊन जाऊ दे," तो आता म्हणाला. "बघू तरी, हात किती चालतो ते."

ऋजुताने शाळेतल्या आपल्या हाऊसचा निळा रुमाल दत्तोपंतांच्या डोळ्यांवर बांधला. त्यांच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. गाठ मारताना तिला हसू दाबावं लागलं.

कारण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. कोणालाच माहीत नव्हती. म्हणजे स्पृहाला होती, कारण व्हिडिओ काढायला फोन तिनेच धरला होता. सकाळी दत्तोपंत चहाला गेले, तेव्हा ऋजुताने केबलवाल्या हत्याराचं टोक इंजिनमागे सरकवलं, क्लिप सैल केली आणि बोटाच्या टोकाने फिरवून ठेवली. वर असलेले कान खाली, भिंतीकडे गेले. दत्तोपंत कान नेहमी वर ठेवत. आपल्यानंतर काम करणाऱ्याचा हात आधी तिथेच पडला पाहिजे, हा त्यांचा नियम होता, आणि लहानपणी त्यांनी तिला तो सायकलच्या पंपावर शिकवला होता.

"ये चीटिंग है यार," स्पृहा तेव्हा म्हणाली होती.

"चीटिंग नाही. टेस्ट. सोपं असेल तर हत्यार कशाला निवडायचं?"

दत्तोपंतांनी पक्कड घेतली. डावा हात आधी आत गेला, कोपरापर्यंत. चेहरा शांत होता. मग कपाळावर, रुमालाच्या वर, एक आठी पडली. बोटं जिथे पोचायची तिथे पोचली होती आणि तिथे काही नव्हतं.

हात इकडे गेला. तिकडे गेला. पक्कड आत कशावर तरी आपटली.

"काकाजी, टाइम!" पलक म्हणाली. तिने फोन वर धरला होता.

शेवटी दत्तोपंतांच्या बोटांना कान लागले, पण खाली, भिंतीकडे; तिथे पक्कड पोचेना. मग त्यांनी हात बाहेर काढला. मनगटाच्या आतल्या बाजूला पत्रा लागून लांब ओरखडा उठला होता आणि त्यातून रक्त येत होतं. रुमाल त्यांनी स्वतःच वर सरकवला.

"ही मी बसवलेली नाही," ते म्हणाले.

"दत्तोपंत," मोहन म्हणाला, "मागच्या महिन्यात तुम्हीच बसवली. मी इथे उभा होतो."

"मी कान खाली ठेवत नाही, मोहनजी."

"मग काय, ते आपोआप फिरले?"

पलक फिसकन हसली. मोहन हसला नाही. त्याने दत्तोपंतांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो किती हळुवारपणे ठेवला, ते ऋजुताने पाहिलं. घरी कोणी आजारी असलं की तो तसा हात ठेवत असे.

स्पृहा प्लेटमधली शेव बोटाने गोळा करत होती.

"आता मी," ऋजुता म्हणाली.

तिने केबल खालून आत घातली. कान कुठे आहेत, हे तिला माहीत होतं. मूठ दाबली, खटका पडला, क्लिप सैल झाली. चार श्वासांचंही काम नव्हतं.

"क्या बात!" मोहन म्हणाला. "हेच ठेवू. बाकीची दोन परत."

टाळ्या वाजल्या. दत्तोपंतांनीही वाजवल्या. एका हाताला चिंधी गुंडाळली होती, त्यामुळे आवाज आला नाही.

पलक आणि स्पृहा गेल्यावर ते नवीन पाइप घेऊन तिच्याजवळ आले. मोहन केबिनमध्ये फोनवर बोलत होता.

"बेटा, एक विचारू?"

"बोला ना."

"तू त्या दिवशी इथेच अभ्यास करत होतीस. खरं सांग, मीच बसवली होती का ती?"

ते रागावले नव्हते. तिच्याकडे असे बघत होते, जसं रस्ता चुकलेला माणूस दुकानदाराकडे बघतो.

"हो काका," ऋजुता म्हणाली. "तुम्हीच."

"कान खाली?"

"खाली."

"हां." त्यांनी मान हलवली. "असेल. असेल मग."

पाइप त्यांनी तिच्या हातात दिला. आपली पक्कड चिंधीत गुंडाळली, पण खिशात घातली नाही; स्टुलावर, परत जाणाऱ्या दोन हत्यारांशेजारी ठेवली आणि केबिनचं दार वाजवलं.

दुपारी वरच्या मजल्यावर जेवायला बसले, तेव्हा आईने, अमिताने, विचारलं, "दत्तोपंतांना डबा नाही पाठवायचा आज?"

"गेले ते," मोहन म्हणाला. "उद्यापासून येणार नाहीत. मला बोलावंच लागलं नाही, तेच म्हणाले. हाताचं चाललं असतं, म्हणे, पण आता विसर पडायला लागला. गाडीचं काम आहे, कोणाच्या जिवावर बेतायचं. रडले गं ते."

ऋजुताच्या मांडीवरचा फोन थरथरला. स्पृहाचा मेसेज होता: *सुबहवाला व्हिडिओ अंकलना दाखवू? की डिलीट?*

अमिताने गरम कढई मध्ये ठेवली. एक कान भिंतीकडे, एक रिकाम्या खुर्चीकडे. ऋजुताने फडक्याने धरून ती सावकाश फिरवली, एक कान बाबांच्या हाताशी येईल अशी. मग टेबलाखाली अंगठ्याने 'डिलीट' लिहिलं, पाठवलं, आणि फोन पालथा ठेवला.

"बाबा, आई, माझं ठरलंय," ती म्हणाली. आवाज छान लागला होता, स्टेजवर लागायचा तसा. "नवीन माणूस शोधू नका. उद्यापासून शाळा सुटली की मीच खाली येणार. दत्तोपंत काकांच्या जागेवर."