योनाला, योनाने, योनाची

सूरवाल्यांना जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड दुधासारखा पांढरा होता आणि दवाखान्याच्या खोलीतल्या एकाही वस्तूला नाव उरलं नव्हतं. दिसत सगळं होतं. लोखंडी खाट, पेला, उशाशी खुर्चीत पेंगणारी बायको. पण नावं तळ्याच्या तळाशी मासे फिरावेत तशी खाली कुठेतरी फिरत होती. धरायला जावं तर निसटत.

घरोघरी जाऊन पियानो जुळवायचे म्हणून लोक त्यांना सूरवाले म्हणत. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून उजवा हात लुळा पडला होता आणि वाचाही गेली होती. आता घशाला कोरड पडली होती. पेल्याकडे पाहत त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द आला, "योना."

बायको दचकून उठली. योना हे तिचंच नाव. हिब्रू नाव, तिच्या आजोबांनी ठेवलेलं. अर्थ पारवा. पण लग्न झाल्यापासून सूरवाल्यांनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. "अगं ए", "ऐकलंस का", फार तर "कुठे कडमडलीस?" एवढ्यावर सगळा संसार झाला होता.

"इथेच आहे हो मी," ती म्हणाली.

त्यांनी वैतागून पेल्याकडे बोट केलं. "योना! योना!"

मग चमचाही योना, खिडकीही योना, मिशाळ डॉक्टरसुद्धा योना. डॉक्टर गेल्यावर बायको पोट धरून हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही केल्या थांबेना.

वाचा शिकवायला येणाऱ्या बाई मात्र खूश झाल्या. "एक शब्द हाताला लागलाय ना? मग त्यालाच धरून वर येऊ. म्हणा, योना आली."

"योना... आली."

"योनाला बोलवा."

'ला' लागताच नाव जरासं लांबलं, खुंटी पिळल्यावर तार सुरात यावी तसं. सूरवाल्यांना ते ओळखीचं वाटलं. योनाने दार उघडलं. योनाची चप्पल. योनाशी भांडू नका. दुपारच्या गुंगीत ही वाक्यं त्यांच्याभोवती तरंगत राहायची, आणि प्रत्येक वाक्याच्या मागोमाग खालून काहीतरी अलगद वर यायचं. कधी दार, कधी चप्पल.

एका दुपारी बाई म्हणाल्या, "आज मी काही सांगणार नाही. वाक्य तुमचं. योनाबद्दल काहीही बोला."

बायको सफरचंद चिरत होती. "आता काय उद्धार होतोय माझा, कोण जाणे," ती पुटपुटली.

सूरवाल्यांनी डोळे मिटले. पाणी संथ होतं. तळाशी त्यांना आपली झोपायची खोली दिसली, फिकट निळी पहाट, उशीवर विस्कटलेले केस.

"योना... झोपेत... हसते."

सुरी थांबली. "मी? काहीतरीच तुमचं!"

"हसते," ते ठामपणे म्हणाले. "पहाटे. मी जागा. ऐकतो."

बाईंनी गुपचूप पिशवी उचलली आणि दार लोटून त्या निघून गेल्या.

"इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"सांगितलं... तर... योना..." पुढचा शब्द सापडेना. त्यांनी डाव्या हाताची मूठ हळूच मिटली.

"मी हसायची थांबेन असं वाटलं?"

त्यांनी मान डोलावली. तिने ती मिटलेली मूठ दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ सोडली नाही. चिरलेलं सफरचंद ताटलीत काळपट पडलं.

घरी परतल्यावर बरेचसे शब्द आले, सगळे नाही. हात काही पूर्वीसारखा झाला नाही. पियानो आता दुसरं कोणी जुळवतं. "अगं ए" मात्र केव्हाच परतलं होतं, पण सूरवाले ते वापरत नाहीत.

"योना, माझा चष्मा पाहिलास का?"

आतून ओ नाही.

"योना!"

"ऐकू आलं होतं हो पहिल्याच हाकेला," स्वयंपाकघरातून ती म्हणाली. "कपाळावर आहे बघा."